आधी भांडण शोधा, मग जोडी: कोकणातल्या शास्त्रज्ञांची प्रेमकादंबरी लिहायची असेल तर

माझ्या पहिल्या कादंबरीची वीस पानं मी आत्याला वाचायला दिली होती. आत्याने तीस वर्षं आंब्याच्या एका संशोधन केंद्रावर काढली. मजुरांची हजेरी मांडण्यापासून फळांची वजनं घेण्यापर्यंत सगळं केलं. माझी नायिका शास्त्रज्ञ होती. अंगात पांढरा कोट, हातातल्या परीक्षानळीत निळं द्रावण, आणि समोरच्या टेबलाशी तिचा प्रतिस्पर्धी, तोही पांढऱ्या कोटात, घाऱ्या डोळ्यांचा. आत्याने चष्मा काढला आणि विचारलं, "हिचा प्लॉट कुठाय?"

मी उत्साहाने पुढचं कथानक सांगायला लागले.

"अगो, तो नव्हे. हिची झाडं कुठायत? कितव्या ओळीत? आणि ही मोजते काय?"

ती वीस पानं मी फेकून दिली. त्यानंतर जे शिकले ते पायरीपायरीने इथे मांडते. इंग्रजीत गेल्या काही वर्षांत अशा कादंबऱ्यांची चांगलीच चलती आहे: दोघं एकाच विषयातले, एकमेकांना पाण्यात पाहणारे, आणि शेवटी एकमेकांचेच. मराठीत हे करून बघायचं तर कोकणासारखी जागा नाही असं माझं मत. मी दापोलीत राहते, तेव्हा ते पक्षपाती आहे हेही मान्य. पण इथे १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र, भाट्याला नारळाचं, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय. शास्त्रज्ञ आयात करावे लागत नाहीत, ते मच्छीबाजारात सुरमईचा भाव करताना भेटतात.

पहिली पायरी: भांडण

नवखी माणसं जोडीपासून सुरुवात करतात. ती कशी दिसते, तो कसा हसतो. हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी असा प्रश्न शोधा, ज्यावर दोन हुशार आणि प्रामाणिक माणसं खरोखरच वेगवेगळं बोलू शकतील. मायक्रोस्कोप कुणी आधी वापरायचा, केबिन कुणाला मिळाली, बढती कुणाची अडली, असली भांडणं चाळीस पानांत दम टाकतात. कुणीही जिंकलं तरी वाचकाचं काही अडत नाही.

मला सापडलेला प्रश्न साक्याचा. हापूस वरून सोन्यासारखा, वासही झकास. कापला की आतला गर पांढुरका, स्पंजासारखा, आंबट. वरून काही ओळखू येत नाही, हीच त्याची गोम. पेटी मुंबईला गिऱ्हाइकाच्या घरी पोचते, सुरी फिरते आणि बागायतदाराचं नाव जातं. २०१८मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण लेबल बघून साका काही मागे फिरत नाही.

आता हा होतो का? एक मत असं, की जमिनीतून वर येणाऱ्या धगीमुळे. उन्हाळ्यात जांभा तापतो, ती उष्णता फळांना लागते, म्हणून झाडाखाली गवताचं आच्छादन घातलं की साका कमी होतो. दुसरं मत असं, की फळ झाडावर असतानाच आतली कोय जागी होते. आंब्याच्या बीला झोप अशी नाहीच. ती रुजायच्या तयारीला लागते आणि त्यासाठी भोवतालच्या गराकडून ओढून घेते. दोन्ही मतांमागे छापून आलेलं संशोधन आहे, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय.

तुमची नायिका कोयवाली, नायक जमीनवाला. आता त्यांना केंद्राच्या चहाच्या टेबलाशी बसवा.

"सिंधू बघा," ती म्हणेल. सिंधू ही वेंगुर्ल्याने १९९२मध्ये दिलेली जात. कोय अगदी पातळ, आणि साका नाही. "कोय नावाला, म्हणून साका नाही. आणखी काय हवं तुम्हाला?"

"रत्ना बघा," तो म्हणेल. रत्ना १९८१ची, नीलम आणि हापूसचा संकर, म्हणजे सिंधूची आईच. "हिला तर नेहमीसारखी कोय आहे. मग हिला साका का नाही?"

दोघांचंही बोलणं बिनतोड आहे आणि दोघांनाही ते कळलंय. त्या रात्री ती तळमळत पडते ती रत्नामुळे. (रत्ना कोण, असं तिच्या आईने विचारायला हरकत नाही. असे विनोद फुकट मिळतात, घ्यावेत.)

आंबा नको असेल तर समुद्राकडे जा. वेळासला २००२पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. अंडी उचलून कुंपणात आणून पुरावीत की मादीने घातली तिथेच राहू द्यावीत? कुंपणात कोल्ही-कुत्री येत नाहीत. पण पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त, म्हणजे जागा बदलली की हिशेबच बदलू शकतो. जानेवारी २०२२मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं आणि तिचं नाव ठेवलं प्रथमा. नकाशावर सरकणारा एक ठिपका रात्री दोन वाजता दोन वेगळ्या घरांत दोन माणसं बघतायत, या एका चित्रावर तीन प्रकरणं निघतील. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावरची, कातळशिल्पंही आहेत. २०२२मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि त्यांचं वय किती यावर पुरातत्त्ववाली आणि भूगर्भवाला मजेत भांडू शकतात. मी त्या वाटेने गेले नाही. मला उन्हात सड्यावर चालवत नाही.

दुसरी पायरी: दोघं कोण

दोघांचं वजन सारखं ठेवा. गाईड आणि त्याची विद्यार्थिनी ही जोडी मी कुणालाच सुचवणार नाही. ज्याच्या सहीवर तुमचा प्रबंध अडकलाय त्याच्याशी बरोबरीचं भांडण होत नाही, आणि जिथे भांडण होत नाही तिथलं प्रेमही वाचकाला खुपतं. एकाच दर्जाचे दोघे घ्या, पण जमीन वेगळी द्या. माझी शलाका वेंगुर्ल्याची, घरची कलमं, आजोबा आंब्याच्या देठाकडे बघून सांगायचे किती आणे तयार झालाय ते (सोळा आणे म्हणजे पूर्ण). संग्राम फलटणकडचा, म्हणजे आमच्या भाषेत घाटावरचा. त्याच्याकडे ऊस आणि डाळिंब. मासे खात नाही. पहिल्या दिवशी मेसमध्ये सोलकढी बघून "हे गुलाबी ताक कसलं?" असं विचारतो आणि तिथेच संपतो.

नोकरीत मात्र एकाला कायम आणि दुसऱ्याला कंत्राटी ठेवा. प्रकल्प ३१ मार्चला संपतो, मुदतवाढीचं पत्र येत नाही, ही धाकधूक कुठल्याही खलनायकापेक्षा जास्त काम करते. अधिछात्रवृत्तीवर जगणारं पात्र असेल तर आकडे खरे द्या. यूजीसीची ज्युनिअर फेलोशिप २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे. त्यात भाडं, दुचाकीचा हप्ता आणि घरी पाठवायचे पैसे बसवून बघा, पात्र आपोआप उभं राहतं.

दोघांचं काम चांगलं आहे हे वाचकाला दिसलं पाहिजे. 'ती अत्यंत हुशार होती' हे वाक्य खोडा. त्याऐवजी तिने त्याच्या तक्त्याकडे दहा सेकंद बघून "तिसऱ्या रेप्लिकेशनमध्ये एक झाड मेलेलं होतं ना?" (रेप्लिकेशन म्हणजे त्याच प्रयोगाची पुन्हा मांडलेली फेरी) असं विचारावं आणि त्याच्या हातातला पेन थांबावा.

तिसरी पायरी: वर्षाचा आराखडा

कादंबरीचं वेळापत्रक तुम्ही ठरवू नका, झाडाला ठरवू द्या. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमाराला कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून मुळाशी द्यायचं औषध, घालायचं. ऑक्टोबरात पालवी. थंडी पडली की मोहोर, आणि मोहोरावर तुडतुडे, भुरी. मग फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं, सुपारीएवढं, अंड्याएवढं. फवारणीच्या तक्त्यांत हेच टप्पे असतात, आणि माझ्या प्रकरणांचीही हीच नावं आहेत. शेवटी मार्च ते मे काढणी. या सगळ्यात एक जीवघेणी गोष्ट आहे, प्रयोग वर्षातून एकदाच होतो. एप्रिलमध्ये नोंद चुकली की पुढचा एप्रिल. शहरातल्या प्रयोगशाळेत नळी फुटली तर सोमवारी दुसरी भरता येते, इथे ती सोय नाही.

त्यात सण. गणपतीत केंद्र निम्मं रिकामं. शिमग्यात तर विचारूच नका. पालखी दारात यायची असते, मजूर गावाला, मुंबईकर गावात, आणि नेमक्या त्याच दिवसांत फळं वाढतायत.

माझ्या कादंबरीतला मुख्य प्रसंग शिमग्यातला आहे. नवख्यांना उपयोग होईल म्हणून उघडा करून दाखवते. शलाकाच्या घरी पालखी, ती दोन दिवस वेंगुर्ल्याला. तिच्या प्रयोगात दर तीन दिवसांनी फळं उतरवून, कापून, कोयीचं वजन आणि ओलावा लिहायचा असतो. नोंद करायला कुणी नाही. संग्राम, ज्याला शिमग्याचं सोयरसुतक नाही, तो तिच्या झाडांची फळं काढतो, कापतो आणि बघतो तर आकडे तिच्या बाजूने चाललेत. कुणी बघत नाहीये. एक फळ कमी घेतलं असतं, एक दशांश इकडेतिकडे केला असता तर कुणाला कळलं नसतं. तो तिच्या वहीत, त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, जसे आले तसे आकडे लिहितो आणि खाली सही करतो.

ती परत येते, वही उघडते. तिसऱ्या ओळीशी थांबते.

हे पान मी सात वेळा लिहिलं. आधी त्यात ती रडायची, मग धावत त्याच्या खोलीकडे जायची. आता ती फक्त पेन्सिलने त्याच्या एका बेरजेवर बरोबरची खूण करते. वाचणाऱ्या मैत्रिणींना हाच प्रसंग सगळ्यात आवडला, आणि त्यात कुणी कुणाला हातही लावत नाही.

चौथी पायरी: अभ्यास, पण बेताचा

विद्यापीठाची कृषी दैनंदिनी विकत घ्या. त्यात जाती, अंतरं, फवारण्या, सगळं एका जागी मिळतं. शोधगंगा आणि कृषिकोशवर प्रबंध वाचायला मिळतात. सगळा प्रबंध वाचू नका, ऋणनिर्देशाचं पान वाचा. आई-वडील, गाईड, विभागप्रमुख, मग लॅबमधले मित्र, आणि अगदी शेवटी एखादं नाव, ज्याच्यासाठी बाकीच्यांपेक्षा दीड ओळ जास्त. कादंबरी तिथे दडलेली असते.

मग प्रक्षेत्रावर जा. शेताला तिथे प्रक्षेत्र म्हणतात, आणि कागदावर नसलं तरी तोंडी सगळे 'फार्म' म्हणतात. नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, हातात घेऊन एक फळ देठासकट उतरवून बघा. मान दुखते, ते लिहा. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसाची गोडी मोजायच्या यंत्रावर, रसाचा एक थेंब टाकून डोळा लावा. बादलीभर पाण्यात आंबा सोडा, तयार असेल तर बुडतो. शब्दही तिथलेच उचला. आकडेवारीत फरक सिद्ध झाला नाही की ही पोरं 'एनएस आला' असं सुतकी चेहऱ्याने सांगतात. 'नॉन-सिग्निफिकंट'चा तो एनएस. माझ्या संग्रामला एकदा कुणीतरी विचारतं, शलाकाचं आणि तुझं काय? तो म्हणतो, "सध्या एनएस." पुढची दीडशे पानं वाचक त्या 'सध्या'वर वाचतो.

एक मोठा प्रसंग बाहेरचा हवाच. दापोली, राहुरी, अकोला आणि परभणी या चारही कृषी विद्यापीठांची दरवर्षी जॉइंट ॲग्रेस्को नावाची बैठक होते. नव्या जाती, शिफारशी तिथे मांडायच्या आणि सगळ्यांसमोर प्रश्न झेलायचे. दोन प्रतिस्पर्ध्यांना जाहीरपणे एकमेकांसमोर उभं करायला यापेक्षा चांगला मांडव मिळणार नाही.

येताना त्यांना घाटात अडकवा. दरड काय, पावसाळ्यात कधीही येते. मात्र हॉटेलात एकच खोली शिल्लक, हा इंग्रजी कादंबऱ्यांचा लाडका प्रसंग कोकणात चालत नाही. इथे कुणाची तरी मावशी दहा किलोमीटरवर असतेच. मावशी शलाकाला माजघरात झोपवते, संग्रामला पडवीत, आणि मधल्या दारात स्वतः अंथरूण घालते. मग रात्रभर पाऊस आणि मावशीचं घोरणं, आणि दोन्हीकडे दोन जागी माणसं. मला तरी एका खोलीपेक्षा यात जास्त ताप दिसतो.

पाचवी पायरी: मॅडमपासून तू पर्यंत

इथे मराठी लेखकाकडे जे हत्यार आहे ते इंग्रजीवाल्यांना जन्मात मिळणार नाही. कचेरीत सगळे सगळ्यांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणतात, वय काहीही असो. संग्राम शलाकाला 'मॅडम' म्हणतो, 'अहो' म्हणतो, 'तुम्ही' म्हणतो. ही पायरी उतरायला जितका वेळ लावाल तितकी कादंबरी मुरते.

पहिला 'तू' प्रेमात घालू नका. रागात घाला. भर बैठकीत, पंचवीस माणसांसमोर, त्याने तिच्या आलेखावर तिसऱ्यांदा शंका काढली की तिच्या तोंडून निघावं, "अरे, तुला कळत कसं नाही!" सगळे गप्प. ती खाली बघून म्हणते, "म्हणजे... तुम्ही पुन्हा एकदा तक्ता बघा, सर." त्या 'सर'मध्ये जी लाज आहे ती लिहायला तुम्हाला एकही विशेषण लागणार नाही. त्यानंतर पन्नास पानं दोघंही 'तुम्ही'वरच राहतात, उलट जास्तच काटेकोरपणे. आणि एका संध्याकाळी तो तिचा डबा परत देताना म्हणतो, "मॅडम, तू जेवलीस का?" अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. आत्या या ओळीला हसली होती, म्हणून ती राहिली.

बोलीबद्दल एवढंच. वेंगुर्ल्याच्या माणसाच्या तोंडी मालवणी, पण दापोलीच्या गड्याच्या तोंडी ती घातलीत तर इथले लोक पुस्तक मिटतील. आणि मालवणी फक्त हसवायला आणू नका. शलाकाचे काका दोघांचं भांडण ऐकून म्हणतात, "तुमचा काय ता ठरवा, पण मोहोर काय तुमच्यासाठी थांबाचो नाय." त्या खोलीतलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच.

सहावी पायरी: मोडायचं कसं

तीन चतुर्थांश कादंबरी झाली की दोघांचं फाटलं पाहिजे, ही या प्रकाराची रीत. चुकून ऐकलेला फोन, बाजारात दुसऱ्या बाईबरोबर दिसलेला नायक (ती त्याची बहीण निघते), हे सगळं चावून चोथा झालंय. तुमचं भांडण जर खरं असेल तर मोड त्याच्याच पोटातून येते. संग्रामला बैठकीत अडचणीचा प्रश्न येतो आणि तो, तिच्या बाजूने बोलायच्या नादात, तिचे न छापलेले आकडे सगळ्यांसमोर सांगून टाकतो. हेतू चांगला. पण ते आकडे तिचे, ते कधी उघडायचे हे ठरवायचा हक्क तिचा. वही त्याच्या हाती तिने विश्वासाने दिली होती, आणि शिमग्याच्या प्रसंगात कमावलेलं सगळं त्याने दोन मिनिटांत घालवलं. वाचकाला दोघांचंही पटलं पाहिजे. एकाचीच चूक ठळक दिसत असेल तर प्रसंग पुन्हा लिहा.

माफी फुलं देऊन मागायची नाही. त्याने समितीला लेखी कळवावं की ते आकडे कुणाचे होते. त्या पत्राला जावक क्रमांक असावा.

आता उरलेलं भराभर. प्रकरणं आलटूनपालटून दोघांच्या नजरेतून लिहा. ती गोष्टींकडे आतून बाहेर बघते, तो जमिनीकडून वर, एवढा फरक ठेवलात तरी आवाज वेगळे होतात. दोन-अडीच हजार शब्दांची पंचवीसेक प्रकरणं पुरतात. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी क्रमशः टाकणार असाल तर निदान दहा प्रकरणं हाताशी असल्याशिवाय सुरू करू नका, नाहीतर मोहोराच्या ऐन दिवसांत लाइट जाते आणि वाचक शिव्या घालतात. शृंगारात 'अधर' आणि 'बाहुपाश' नकोत. आंब्याचा चीक उडून मनगट भाजलंय आणि दुसऱ्याचा हात खोबरेल लावतोय, एवढ्यावर पान निघतं. त्यापुढे किती जायचं ते तुमचं तुम्ही बघा.

कबुलीची वेळ मात्र सांगते. कोकणात हापूस चौदा आणे तयार झाला की उतरवतात. झाडावरच पिकू दिला तर साक्याची भीती वाढते. कबुलीही चौदा आण्यांवर काढा. दोन आणे आढीत पिकतील.

शेवट गोड हवा, त्यात तडजोड नाही. पण कुणीतरी नोकरी सोडून दुसऱ्याच्या मागे जाणं म्हणजे गोड नव्हे. आणि खरा कोण ठरला? माझ्या कादंबरीत दोघं मिळून पुढचा प्रयोग मांडतात: धगीमुळेच कोय जागी होत असेल तर? हे उत्तर कादंबरीपुरतं आहे, ते विज्ञान म्हणून कुणाला सांगत सुटू नका. शेवटच्या पानावर फक्त त्या प्रयोगाचा आराखडा आहे, आणि पहिलं नाव कुणाचं यावर दोघं पुन्हा भांडतायत.

तो सगळा मजकूर गेल्या महिन्यात आत्याला दिला. तिने तीन दिवसांत वाचला. काही बोलेना. शेवटी विचारलं तर म्हणाली, "सगळं ठीक आहे. पण बाराव्या प्रकरणात ती दोघं भर दुपारी आंबे काढतायत. दुपारी कोण काढतं आंबे?"

उन्हाची तिरीप त्याच्या कपाळावर पडते, अशी एक फार सुंदर ओळ होती तिथे. आता त्या प्रकरणात सकाळचे सात वाजलेत, आणि दोघांच्याही चपला दवाने भिजल्यात.